दलित स्त्रियांची आत्मकथनं पहिल्यांदा वाचताय? सुरुवात कुठून करायची, काय टाळायचं

एम. ए.ला हा पेपर घेतलेले विद्यार्थी, वाचनालयाच्या गटात नव्याने आलेली मंडळी आणि 'आयदान'चं नाव नुसतं ऐकून असलेले वाचक, सगळ्यांची अडचण साधारण सारखीच असते. पुस्तकं मिळतात, पण ती वाचायची कशी हे कुणी सांगत नाही. "सगळीच वाचा, डोळे उघडतील," एवढा सल्ला मिळतो. मग पन्नासेक पानांनंतर "फार त्रास होतो हो, वाचवत नाही" म्हणून पुस्तक कपाटात जातं. किंवा शेवटापर्यंत वाचून होतं आणि हाती उरते फक्त हळहळ. ज्या बायांनी इतकं नेमकं पाहिलं आणि मांडलं, त्यांच्या लेखनाचा हा अपमानच झाला.

मी ही पुस्तकं आधी अभ्यासक्रमासाठी वाचली, नंतर गटात इतरांबरोबर. त्यातून वाचायची जी रीत हाताला बसली, ती इथे लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- तीन पुस्तकं: उर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३), बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) आणि शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६). जिल्हा ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बहुधा मिळतात.
- महाराष्ट्राचा नकाशा. फणसवळे, फलटण आणि महूद कुठे आहेत ते पाहून ठेवा. रत्नागिरीतला डोंगर उतरून बाजाराला जाणं आणि माणदेशातल्या दुष्काळात पाण्याला जाणं यांत पुष्कळ फरक आहे.
- एक वही. डावं पान प्रसंगासाठी, उजवं तुमच्या प्रश्नांसाठी.
- वहीच्या मागच्या पानावर एक छोटी कालरेषा: १९२७ महाडचा सत्याग्रह, १९४२ नागपूरची दलित महिला परिषद, १९५६ धर्मांतर, १९५८ महार वतनं (गावची कामं करण्याच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळणारी जमीन आणि हक्क) रद्द करणारा कायदा, १९७२ दलित पँथर. वाचताना प्रत्येक प्रसंग या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतो ते बघत चला.

१. पुस्तकांचा क्रम ठरवा

बहुतेक जण प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणे जातात: कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१), मुक्ता सर्वगोड यांचं 'मिटलेली कवाडे' (१९८३), आणि मग पुढे. इतिहास शिकवायला हा क्रम बरा, नव्या वाचकाला नाही.

माझं मत विचाराल तर 'आयदान'पासून सुरुवात करा. त्यातली 'मी' स्पष्ट आहे. कोकणातलं बालपण, मुंबईतली नोकरी, संसार, चळवळ, लेखन असा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. बाईच्या देहाबद्दल, पाळीबद्दल, लग्नाच्या पहिल्या रात्रीबद्दल, नवऱ्याशी झालेल्या ताणाताणीबद्दल लेखिका आडपडदा न ठेवता बोलते. विनोदही भरपूर आहे, हे मुद्दाम सांगते. ही पुस्तकं म्हणजे पानोपानी रडारड अशी समजूत असेल, तर ती इथेच गळून पडते. त्यानंतर 'जिणं आमुचं' घ्या, मग 'चित्तरकथा'. 'अंतःस्फोट' मात्र सलग जीवनकहाणी नाही, तो लेखांचा संग्रह आहे. तो कधीही मधूनच उघडून वाचता येतो.

२. बोलीशी घाई करू नका

'जिणं आमुचं' आणि 'चित्तरकथा' प्रमाण मराठीत नाहीत. पहिली दहा-पंधरा पानं अडखळायला होतं. ती मोठ्याने वाचा, कान लवकर सरावतो. येसकर, तराळ (गावकीची कामं करणारा महार), हाडकी-हाडवळा (महारांच्या वतनाची जमीन), जोहार (महारांनी करायचा नमस्कार), सांगावा असे शब्द येतील तेव्हा नुसता अर्थ टिपून पुढे जाऊ नका, त्या शब्दामागचं काम समजून घ्या. येसकराची पाळी म्हणजे गावाची कामं करायची आणि बदल्यात घरोघर फिरून भाकरी मागायची. सांगावा म्हणजे मयताची बातमी घेऊन परगावी पायी जायचं. वतनाच्या नावाखाली हे सगळं येत होतं. पुरुष गावकीच्या कामाला गेला की मागे घर, पोरं, सरपण आणि पोटाची तजवीज कुणाच्या अंगावर पडत होती, ते त्या शब्दाशेजारी लिहा.

एक सापळा: बोली वाचून "किती निरागस", "किती अकृत्रिम" असं म्हणायचा मोह होतो. शांताबाई शिक्षिका होत्या, त्यांना प्रमाण भाषा उत्तम येत होती. बोलीत लिहिणं ही लेखिकेची निवड आहे, हे धरूनच वाचा.

३. 'मी' कुठे आहे आणि 'आम्ही' कुठे, याची नोंद ठेवा

'जिणं आमुचं' वाचून नवा वाचक तक्रार करतो, "यात बाई स्वतःबद्दल फारसं सांगतच नाही." खरं आहे. पुस्तकभर महारवाडा बोलतो: आषाढातली लगबग, अंगात येणं, लग्नं, बाळंतपणं, बाबासाहेबांच्या सभा. पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे. मध्यमवर्गीय आत्मचरित्राची सवय असेल तर ही उणीव वाटते. तसं वाचू नका. लेखिका एका वस्तीची साक्ष नोंदवते आहे.

'चित्तरकथा'त गंमत वेगळी. शांताबाई बालपणीच्या आपल्याला 'नाजा' म्हणून उभ्या करतात. पुढे यावर 'नाजुका' ही दूरदर्शन मालिका निघाली, ती याच नाजाची. कुठे 'नाजा', कुठे 'मी', कुठे 'आमी' येतं ते पेन्सिलीने खुणावत गेलात, तर लेखिका कुठल्या आठवणीपाशी स्वतःला लांब ठेवते आणि कुठे जवळ घेते ते कळायला लागतं.

४. एक प्रसंग घ्या आणि दोन्ही बाजूंनी वाचा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेकांच्या वहीत दोन रकाने असतात: एकात 'जातीचा जाच', दुसऱ्यात 'बाई म्हणून जाच'. विहीर, शाळा, शिवाशीव पहिल्यात. सासू, नवरा, मारहाण दुसऱ्यात. रकाने भरत जातात आणि पुस्तक हातातून निसटतं. कारण यातल्या महत्त्वाच्या प्रसंगांत या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

'जिणं आमुचं'मधला लुगड्याचा तपशील घ्या. महार बाईने लुगडं असं नेसायचं की काठ निऱ्यांमध्ये दडून राहावेत, दिसू नयेत. हा नियम गावाचा, जातीचा. पण तो लिहिला आहे बाईच्या अंगावर. रस्त्याने येणारी बाई कोण आहे हे लांबूनच कळावं, अशी ती व्यवस्था. आता मागच्या पानावरच्या कालरेषेकडे या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केलं, त्यात नेसण्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल सांगितलं: तुमची जात ओळखू येईल असं राहू नका. चवदार तळ्याच्या एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याचा विषय का यावा, असा प्रश्न पूर्वी पडला असेल, तर त्याचं उत्तर बेबीताईंच्या पानावर आहे.

दुसरा प्रसंग सरपणाचा. महार बाया जंगलातून मोळ्या आणून ब्राह्मण आळीत विकायच्या. घरातली बाई लांबूनच बजावायची की लाकडांत तुझा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकलेला राहू देऊ नकोस, घर विटाळेल. मोळी चालते, मोळी आणणारीचा केस चालत नाही. इथे बजावणारीही बाईच आहे, हे उजव्या पानावर लिहा. 'सगळ्या बायांचं दुःख सारखंच' असं म्हणण्याआधी हा प्रसंग आठवावा.

तिसरा प्रसंग वाचायला सर्वांत अवघड. पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जायचा, तो घेऊन ती पाय ओढत कामं करायची. नवऱ्याने बायकोचं नाक कापल्याच्या हकिगती आहेत. इथे वाचक दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक म्हणतो, "बघा, यांच्यातच किती अन्याय होता!" दुसरा अवघडून पान उलटतो, कारण चळवळीची बदनामी नको. बेबीताईंनी या दोघांनाही जागा ठेवलेली नाही. गावाने आम्हाला गुलाम केलं, आम्हीही माणसंच, आम्हालाही कुणावर तरी हुकमत गाजवायची होती, म्हणून आम्ही आमच्या सुनांना गुलाम केलं, अशा आशयाचं त्या सरळ लिहितात. खोडा सासूच्या हातचा आहे, पण त्याचं लाकूड गावाच्या वेशीपासून आलं आहे.

'आयदान'मध्ये शाळेच्या आवारातलं शेण काढायला नकार दिला म्हणून गुरुजी मुलीला मारतात. विधवा आई आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विणून पोरांना शिकवते आहे. ती गुरुजींना गाठून जाब विचारते. पुढे हीच मुलगी मोठी होऊन मुंबईत सरकारी नोकरी करताना एम. ए. करू बघते, तेव्हा घरातलं सगळं उरकून काय ते कर, असा नवऱ्याचा रोख असतो. दोन प्रसंगांत बरीच वर्षं आणि बरीच पानं आहेत. ते वहीत एकाखाली एक लिहून बघा: शिकणाऱ्या बाईला 'आधी ही कामं कर' असं कोण कोण सांगतं?

आणि कुमुद पावडे. संस्कृतात एम. ए. झालेली दलित मुलगी नोकरीसाठी वणवण करते. आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदलतं, मग सरकारी महाविद्यालयात प्राध्यापकी मिळते. पदवी तीच, माणूस तेच. माहेरची सोमकुवर बेकारच राहिली, नोकरी लागली ती पावडेंना, हे त्या स्वतःच नोंदवतात. बाईचं आडनाव लग्नाने बदलतं ही बाईपणाची गोष्ट, आडनावातून जात कळते ही जातीची. ही घटना कुठल्या रकान्यात घालाल?

तेव्हा रकाने सोडा. प्रत्येक प्रसंगाला चार प्रश्न विचारा:

- नियम कुणाचा?
- तो राबवतं कोण?
- तो कुणाच्या अंगावर पडतो?
- त्यातून फायदा कुणाचा?

उत्तरं दर वेळी वेगळी माणसं निघतात.

५. जे लिहिलेलं नाही तेही वाचा

बेबी कांबळे यांनी हे लेखन घरापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं, तिथे वेळ मिळेल तसं त्या लिहीत. पुढे फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते 'स्त्री' मासिकात १९८२ मध्ये क्रमशः छापून आलं आणि मग पुस्तक झालं. पुस्तकात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या स्वतःपुरतं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत मात्र बोलतात. मुंबईच्या प्रवासात डब्यातले काही तरुण आपल्याकडे बघत होते, एवढ्या संशयावरून नवऱ्याने मारलं, असा प्रसंग तिथे येतो. हे पुस्तकात का नाही? सगळ्याच बायांच्या वाट्याला ते होतं, माझं वेगळं काय सांगायचं, असा त्यांच्या बोलण्याचा सूर आहे.

मूळ मराठी वाचून झाल्यावर तेवढ्यासाठी तरी इंग्रजी अनुवाद मिळवा. मराठी पुस्तकावर अभ्यास करताना इंग्रजी आवृत्ती बघावी लागते, हे जरा विचित्रच. पण मुलाखत तिथे आहे.

शेजारी कौसल्या बैसंत्री ठेवा. नागपूरच्या, मातृभाषा मराठी, १९४२च्या परिषदेत सहभागी झालेल्या. त्यांनी 'दोहरा अभिशाप' (१९९९) हिंदीत लिहिलं आणि नवऱ्याच्या वागण्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. मुलगा, भाऊ, नवरा सगळेच माझ्यावर नाराज होतील, असं प्रस्तावनेतच सांगून टाकलं. शांताबाईंनी नवऱ्याने केलेल्या दुसऱ्या लग्नाबद्दल लिहिलं आहे. कोण काय सांगते, कोण काय गाळते आणि लिहिताना घरात कोण हयात होतं, याची वहीत स्वतंत्र नोंद ठेवा. गाळलं म्हणजे भ्याली, असा निष्कर्ष काढू नका.

६. आत्मकथन आणि कथा-कादंबरी यांची सरमिसळ टाळा, पण भिंतही घालू नका

उर्मिला पवार यांची 'कवच' ही कथा वाचा. आंबे विकणाऱ्या आईशी बाजारात पुरुष दुहेरी अर्थाचं बोलतात आणि तिचा लहान मुलगा ते ऐकतो. कथेतली आई बाजाराला पुरून उरते. मग 'आयदान'ची सुरुवातीची पानं पुन्हा काढा, डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायांची. एकाच अनुभवाच्या परिसरातून दोन वेगळ्या तऱ्हेचं लेखन कसं आलं ते दिसेल. कथेत मुलाच्या कानाने ऐकवण्याची सोय लेखिकेने करून घेतली आहे. आत्मकथनात तिला स्वतःलाच तिथे उभं राहावं लागतं.

तमिळमध्ये बामा यांनी आधी 'करुक्कु' (१९९२) हे आत्मकथन लिहिलं आणि नंतर 'संगति' (१९९४), ज्यात एक नायिकाच नाही. ख्रिस्ती झालेल्या परैयर या दलित समाजातल्या अनेक बायांच्या हकिगती एकत्र येतात. तिथे धर्म बदलूनही जात चर्चमध्ये कशी बसून राहिली ते दिसतं. मराठी पुस्तकांतलं १९५६ नंतरचं जग त्याशेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे.

सापळा असा, की 'आत्मकथनात्मक' शब्द दिसला की वाचक पोलीस तपास सुरू करतो: हे खरंच घडलं का, तारीख कुठली, ती मैत्रीण कोण? तारखा चुकू शकतात. तुम्ही मात्र व्यवस्था तपासा, पंचनामा नको.

७. कोण नाही, ते बघा

वर घेतलेली मराठी नावं जवळजवळ सगळी महार, म्हणजे धर्मांतरानंतर बौद्ध समाजातली. शिक्षण आणि आंबेडकरी चळवळ तिथे आधी पोहोचली, हे त्याचं मोठं कारण. त्यावरून 'दलित स्त्री' म्हणजे हीच, असं ठरवू नका. गोपाळ समाजातल्या जनाबाई गिऱ्हे यांचं 'मरणकळा' (१९९२) आणि गोंधळी समाजातल्या विमल मोरे यांचं 'तीन दगडांची चूल' (२०००) वाचा. भटक्यांना गावकुसाबाहेरचं का होईना, कायमचं घर नाही. तिथे जातपंचायत आहे, पालं आहेत, रोज नवं गाव आहे. वरचे चार प्रश्न तिथे पुन्हा विचारावे लागतात.

आणि मागे जायचं तर मुक्ता साळवे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. घरावर छप्पर नाही, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या आमच्या बायांचे हाल काय होत असतील, असं ती तेव्हा विचारते. चार-पाच पानांचा मजकूर आहे, एका बैठकीत होतो.

पुरुषांची आत्मकथनंही बाजूला ठेवा. दया पवार यांचं 'बलुतं' (१९७८) किंवा शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४) यांतल्या आया, बायका, बहिणी काय बोलतात, किती बोलतात, ते मोजा. मोठी पुस्तकं आहेत, वादच नाही. पण तिथे बाई बहुधा सोसणारी आई असते.

८. गटात वाचत असाल तर

- गटातल्या दलित मैत्रिणीला "तुझ्याकडे असंच होतं का गं?" असं विचारू नका. ती वाचायला आली आहे, साक्ष द्यायला नाही.
- पुस्तकात जातिवाचक शब्द आणि शिव्या आहेत. त्या वाचताना त्या कुणाच्या तोंडी आहेत ते सांगून वाचा. आपल्या बोलण्यात 'हरिजन' वगैरे नको.
- "आता असं काही राहिलं नाही," हे वाक्य दर बैठकीत कुणीतरी म्हणतंच. वाद घालत बसण्यापेक्षा 'आयदान'चा मुंबईतला भाग उघडा. शहर, नोकरी, पक्कं घर आल्यावरही आडनाव कळलं की काय बदलतं ते तिथे आहे.
- उच्चजातीय वाचकांनी फक्त हळहळू नये. सरपणाच्या प्रसंगात आपल्या आजीचं घर कुठे होतं, एवढं विचारावं.

९. निबंध किंवा लघुप्रबंध लिहायचा असेल तर

कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा, या विषयावरच्या निम्म्या प्रबंधांची प्रकरणं सारखीच असतात: शिक्षण, विवाह, रूढी, अंधश्रद्धा, दारिद्र्य, समारोप. प्रत्येक प्रकरणात पाच पुस्तकांचे उतारे आणि खाली "यावरून दलित स्त्रीची व्यथा व वेदना दिसून येते". असला प्रबंध लिहू नका.

विषय अरुंद घ्या. लुगडं आणि दागिने. बाळंतपण आणि भूक. शिक्षिका झालेल्या बायांचा वर्ग. पगार कुणाच्या हातात जातो. एवढ्यावर तीन पुस्तकं नीट वाचली तरी पुष्कळ सापडतं. वाद समजून घ्यायला दोन लेख पुरेत: दलित स्त्रिया वेगळं बोलतात हे मांडणारा गोपाळ गुरू यांचा १९९५ चा लेख आणि शर्मिला रेगे यांचं १९९८ मधलं त्यावरचं उत्तर. ते वेगळेपण दलित स्त्रियांपुरतं राखून न ठेवता बाकीच्यांनीही त्या जागेवरून विचार करायला शिकावं, असं रेगे म्हणतात. त्यांचं २००६चं इंग्रजी पुस्तक या लेखिकांचे निवडक भाग एकत्र देतं. संदर्भाला उत्तम, मूळ पुस्तकाऐवजी नव्हे.

चळवळीचं प्रकरण लिहिताना उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हाताशी हवंच. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून, भेटून त्यांनी ते केलं. आत्मकथनांत सभेला निघालेल्या ज्या बाया ओझरत्या दिसतात, तशा बाया तिथे नावानिशी भेटतात.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट. उतारा घेताना बोलीचं 'शुद्धलेखन' करू नका. 'माज्या जल्माची' असेल तर 'माझ्या जन्माची' करू नका, आणि टंकलेखकालाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो आपणहून सुधारून देतो. कुठली आवृत्ती, कितवं पान, हे उताऱ्याशेजारी तेव्हाच टिपा. पुस्तक ग्रंथालयात परत गेल्यावर दुसरी आवृत्ती हाती येते आणि पानं जुळत नाहीत.